सागरेश्वरला जाताय? आधी वारा बघा

सांगली जिल्ह्यातल्या पलूसमध्ये माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस कॉइल भरून होईपर्यंत बाकावर बसतो, चहा होतो, आणि भिंतीवरचा सांबराचा फोटो बघून विचारतो, "ह्यो कुठला वो? ताडोबाचा का?" मी सांगतो, सागरेश्वर अभयारण्याचा. इथून दुचाकीवर अर्ध्या-पाऊण तासाचा. मग पुढचे प्रश्न ठरलेले असतात. "तिकडं जायचं कसं? गळ टाकाय मिळतो का? आन् ससा-बिसा?"

वीस वर्षं ही उत्तरं तोंडी देतोय. आता एकदा नीट लिहून काढतो.

सशाचं आधी, कारण तिथं आडपडदा नको. शिकार चालत नाही. अभयारण्यात नाही, गायरानात नाही, स्वतःच्या उसातसुद्धा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा फक्त बंदुकीपुरता आहे अशी पुष्कळांची समजूत असते. पण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ फार मोठा धरलाय. फासकी लावणं, जाळं टाकणं, हाका घालून जनावर पळवणं, आमिष ठेवणं, विष घालणं, रानपाखराचं घरटं किंवा अंडी हलवणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. प्रयत्न फसला तरी गुन्हा होतो. तित्तरासाठी लावलेला फासा आणि पोराच्या हातातली बेचकी, दोन्ही त्यात आले.

आमच्या घरात वाघर होती, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे असं वाटतं. नव्या पोरांना शब्द माहीत नसेल. वाघर म्हणजे दोरीचं लांबच लांब जाळं. ओघळीच्या तोंडाशी काठ्यांवर उभं करायचं आणि चार माणसांनी वरून हाकारत यायचं. बहात्तरच्या दुष्काळात आबांनी त्या वाघरीवर घर जगवलं, असं आजी सांगायची. माझा जन्म त्यानंतरचा. सात-आठ वर्षांचा असताना आबांनी मला एकदा बरोबर नेलं. ससा वाघरीत गुरफटला आणि ओरडला. ससा एरवी मुका असतो, पण जीव अडकला की तान्ह्या पोरासारखा ओरडतो. आबांनी मान मोडली तेव्हा आवाज थांबला. त्या रात्री मी जेवलो नाही. आबा काही बोलले नाहीत, पण पुन्हा कधी मला नेलंही नाही. पुढं वाघर माळ्यावर गेली आणि कडबा बांधता बांधता संपली.

आबांनी शिकवलेल्या बाकीच्या गोष्टी मात्र मी अजून वापरतो. वारा कुठला आहे ते बघणं, माग ओळखणं, एका जागी बसणं. रान बघायला जाणाऱ्याला नेमकं हेच लागतं आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. कुठलं हॉटेल, कुठला पॉइंट, सेल्फी कुठं काढायची हे सगळे सांगतात.

सागरेश्वर

कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमेवर हा डोंगर आहे. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण २,७०० एकर. मोठ्या अभयारण्यांपुढं हे काहीच नाही, पण हे रान माणसांनी उभं केलंय. चराईनं आणि तोडीनं डोंगर बोडका झाला होता. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी माणसं गोळा करून इथं झाडं लावली आणि जगवली. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. भोवती तारेचं कुंपण आहे. आत सांबर, चितळ, काळवीट, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, ससा, कोल्हा आणि मोर. वाघ बघायचा म्हणून इथं येऊ नका. हरणांची चार घराणी एका सकाळी दिसू शकतील अशी जागा आमच्या भागात ही एकच.

रेल्वेनं आलात तर ताकारी स्टेशन जवळ. थांबणाऱ्या गाड्या किर्लोस्करवाडीला जास्त मिळतात. रस्त्यानं कराडकडून या नाहीतर तासगावकडून, देवराष्ट्रे गाव विचारा. यशवंतराव चव्हाणांचा जन्म याच गावात, १२ मार्च १९१३ चा. गावाच्या अलीकडं सागरेश्वराच्या जुन्या देवळांचा मोठा समूह आहे. लहान-मोठी शिवालयं एकमेकांना खेटून उभी आहेत. श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. म्हणून रान बघायचं असेल तर तो वार टाळा, आणि देव बघायचा असेल तर त्याच दिवशी या.

फाटकावर तिकीट घ्या, नोंदवहीत नाव लिहा. उघडण्याची वेळ हंगामाप्रमाणं पुढं-मागं होते, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या. कुठल्या वाटेनं जायला परवानगी आहे तेही तिथंच विचारा आणि तीच वाट धरा. आत हत्यार, फटाका, काडी पेटवणं, कुत्रं, स्पीकर यातलं काही नको. बिडी फाटकाबाहेर विझवून या. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कापसासारखं होतं. एक थोटूक पडलं की वणवा महानगुंडापर्यंत जायला वेळ लागत नाही.

महानगुंड हा इथला उंच माथा. तिथून आणि किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णा वळसे घेत जाताना दिसते, दोन्ही काठांना नजर पोचेल तिथवर ऊस. तो देखावा बघाच, पण ऊन वर आल्यावर. सकाळचे पहिले दोन तास माथ्यावर घालवू नका. ते दोन तास जनावरांचे असतात आणि जनावर तेव्हा खालच्या मोकळवनात आणि पाणवठ्यावर असतं.

वारा, माग आणि बैठक

आत गेल्यावर दहा पावलांवर थांबा. वाळलेल्या मातीची चिमूट घ्या आणि खांद्याच्या उंचीवरून सोडा. धूळ ज्या बाजूला जाईल त्या बाजूचं जनावर तुम्हाला दिसणार नाही, कारण तुमचा वास तिथं तुमच्या आधी पोचलेला असतो. धूळ तोंडावर यावी अशा दिशेनं चाला. अत्तर, वासाचं तेल, बॉडी स्प्रे, गुटखा यांचा वास माणसाच्या घामापेक्षा लांब जातो. मी शनिवारी रात्री साध्या पाण्यानं अंघोळ करतो आणि वार्निशचा वास लागलेले दुकानातले कपडे बाजूला ठेवून दुसरे घालतो.

कपड्याचा रंग मातकट, खाकी किंवा सुकलेल्या गवताचा असावा. हरणांना लाल रंग नीट कळत नाही, पण निळा चांगला दिसतो. त्यामुळं जीनची पँट घालून आलेला माणूस त्यांना लांबूनच कळतो. पांढरं तर नकोच.

माग बघायला पावसानंतरचा दुसरा दिवस चांगला, नाहीतर पाणवठ्याच्या काठचा ओला चिखल. चितळाचा खूर लांबट आणि टोकदार. सांबराचाही तसाच, पण चांगला मोठा आणि खोल रुतलेला. रानडुकराच्या खुरामागं दोन्ही बाजूंना दोन टिकल्या उठतात, त्या दिसल्या की संशय नको. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पावलात नखं उमटतात. मांजराच्या जातीचं जनावर नखं आत ओढून चालतं, म्हणून बिबट्याचा ठसा गोल आणि बिननखांचा. लेंड्याही वाचता येतात. सशाच्या गोल आणि थोड्या चपट्या असतात. पांढरी फटक वाळलेली विष्ठा दिसली तर ती तरसाची समजा, तो हाडं खातो आणि हाडांतला चुना तसाच बाहेर पडतो. आबा लेंडी पायानं फोडून बघायचे. आतून ओली असेल तर जनावर जवळपास आहे.

आता बैठक, आणि तीच सगळ्यात अवघड. पाणवठ्यापासून पन्नास-साठ पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा पाण्याकडून तुमच्याकडं येईल असं, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसा. अगदी काठावर बसलात तर तहानलेलं जनावर परत जातं. उन्हाळ्यात हे लक्षात ठेवलंच पाहिजे, कारण त्याला दुसरीकडं पाणी नसतं. किमान एक तास. फोन बंद, व्हायब्रेटसुद्धा नको. सायलेंट केलेला फोन मांडीवर गुरगुरला तरी चितळाचे कान वळतात.

गेल्या मे महिन्यात पुतणीला घेऊन असाच बसलो होतो. पाऊण तास काही नाही. दोन सातभाई पाखरं पाण्यावर भांडून गेली. एक मुंगूस आलं, पाणी पिऊन गेलं. पोरगी कंटाळली, तिनं माझ्याकडं बघितलं, मी बोटानं "अजून थोडं" अशी खूण केली. आणि समोरच्या खैराची फांदी हलली असं वाटलं, ती फांदी नव्हती. सांबराचा कान होता. मादी तिथंच उभी होती, किती वेळापासून कोण जाणे. ती पाच मिनिटं फक्त कान फिरवत राहिली, एक पुढं, एक मागं. मग एक पाऊल. मग थांबली. मानेच्या खालच्या अंगाला केस झडून उघडं पडलेलं कातडं दिसत होतं, त्यावर बसलेल्या माश्या दिसत होत्या. तिनं तोंड पाण्याला लावलं आणि पाणी ओढल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. तेवढ्यात माझ्या मानेला गार लागलं. वारा फिरला होता. तिनं मान झटक्यात वर केली, पुढचा पाय जमिनीवर दोनदा आपटला आणि "पाँक्" असा मोटारीच्या हॉर्नसारखा आवाज काढून निघून गेली. पुतणी घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर वहिनींना म्हणाली, "काकाला वारा मानेला कळतो."

तो "पाँक्" लक्षात ठेवा. सांबर उगीच ओरडत नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. हे आवाज आले की ज्या दिशेला ते जनावर तोंड करून उभं असेल तिकडं बघा.

दुर्बीण घ्यायची तर ८×४२ ची घ्या. आठ म्हणजे आठ पट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात उतरतो. पहाटेच्या अंधुक उजेडात तोच उपयोगी पडतो. जास्त पटीची घेतली तर हात थरथरतो आणि चित्रही थरथरतं. मर्लिन नावाचं ॲप पाखराचा आवाज ऐकून नाव सुचवतं, ते शिकायला चांगलं आहे. पण त्यातला आवाज रानात मोठ्यानं वाजवू नका. नर पाखराला वाटतं आपल्या जागेत दुसरा नर घुसला, आणि तो घरटं सोडून भांडायला धावतो.

साप आणि मधमाश्या यांचं थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही आपल्या भागात आहेत. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, दगड उलटवू नका, हात दिसत नाही तिथं हात घालू नका. चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. अंग हलवू न देता १०८ ची गाडी बोलवून सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथंच मिळते. कड्याला आग्यामोहोळ लटकत असेल तर त्याच्या खाली बोलूही नका, आणि ड्रोन तर बाहेरच काढू नका.

चांदोलीबद्दलही विचारतात. ते वेगळं काम आहे. १९८५ चं अभयारण्य, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान, ३१७ चौरस किलोमीटर, आणि २०१० पासून कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. शिराळ्याकडून मणदूरला जायचं, परवानगी काढायची, वनखात्याच्या नियमानं ठरलेल्या गाडीत बसायचं. पावसाळ्यात बंद असतं. तिथं झाडी इतकी दाट आहे की गवा वीस पावलांवर असला तरी दिसत नाही. रान बघायचं म्हणून जा. जनावर दिसेल या हिशोबानं पैसे मोजलेत तर तोंड पाडून परत याल.

तळ्यावरची पाखरं

थंडीत मी सागरेश्वर सोडून येरळेच्या वरच्या अंगाला जातो. येरळा खटाव तालुक्यातून खाली येते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशी तळी आहेत. मायणीचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला. हा सगळा भाग २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. पाखरं दरवर्षी एकाच तळ्यावर उतरत नाहीत. ज्या तळ्यात त्या साली घोटाभर ते गुडघाभर पाणी असेल तिथं जातात. काठोकाठ भरलेलं तळं बघून आपण खूष होतो, पण रोहिताला, म्हणजे फ्लेमिंगोला, ते उपयोगाचं नसतं. त्याला चिखलात उभं राहून, चोच उलटी बुडवून गाळायचं असतं. म्हणून निघायच्या आधी त्या गावातल्या कुणाला तरी फोन करून फक्त पाण्याचं विचारा.

डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या आत काठावर. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, म्हणजे सकाळी पूर्वेचा काठ. उलट्या बाजूला उभं राहिलात तर सगळी पाखरं काळी दिसतात आणि मग माणूस कंटाळतो. पहिल्यांदा वारकरी आणि शेकाट्या ओळखा. वारकरी अंगानं काळा आणि कपाळावर पांढरा गंध लावल्यासारखा. शेकाट्याचे पाय लांब आणि गुलाबी. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, नाव तिथूनच आलंय. एवढी तीन पक्की झाली की बाकीची आपोआप वेगळी पडतात: थापट्या, तलवार बदक, चमचा, चित्रबलाक, टिबुकली. चक्रवाक जोडीनं बसतात, नारिंगी अंगाचे. ते लडाख-तिबेटकडून येतात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो, डोक्यावर दोन काळे पट्टे.

एवढ्या लांबून आलेल्या पाखराला फोटोसाठी उडवू नका. पाखरानं माना वर केल्या, खाणं थांबवलं, की तुम्ही फार जवळ गेलात. तिथंच खाली बसा. शेतातून वाट काढायची असेल तर मालकाला विचारा. गव्हातनं चाललेला पाहुणा कुणालाच आवडत नाही.

गळ

अभयारण्याच्या आत मासा धरायचा नाही, एवढं आधी. बाहेरच्या तलावातसुद्धा मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. बीज त्यांनी सोडलेलं, पैसे त्यांनी भरलेले. संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकला तर ती चोरी होते. विचारलं की पुष्कळदा काठावर बसून गळ टाकायला कोणी ना म्हणत नाही. नदीवर भोई मंडळींना विचारा. कुठल्या डोहात काय आहे, आणि कुठं पाय ठेवायचा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

जून-जुलै मी गळ बाहेर काढत नाही. नव्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. चढणीचे मासे धरायला आमच्याकडं लोक बुट्ट्या घेऊन धावतात, आणि पोटात गाबोळी भरलेली मादी म्हणजे पुढची हजारो पिल्लं. ज्यांनी एकदा थांबून बघितलंय त्यांना त्याच नदीत दिवाळीनंतर फरक दिसतो.

साहित्य फार लागत नाही. वेळूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाचा छोटा मणी, तरंगा, बारीक गळ. गळाचा उलटा काटा मी पक्कडीनं दाबून सपाट करतो. मासा थोडा जास्त सुटतो हे खरं, पण लहान निघाला तर ओठ न फाडता परत सोडता येतो, आणि बोटात घुसला तर डॉक्टरकडं जावं लागत नाही. आमिष गांडुळाचं, किंवा कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मळून. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. तेव्हा तरंगा किती वर बांधायचा हे मासा ठरवतो. चिलापी तरंग्याला टुकटुक करत राहते, तिला घाई नको. तरंगा तिरका होऊन ओढला गेला की झटका द्या. चिलापी मूळची आफ्रिकेतली, ती हवी तेवढी खा, पण जिवंत नेऊन दुसऱ्या तळ्यात सोडू नका. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बगलांना काटे असतात. ओल्या फडक्यानं, काट्यांच्या मागून धरा.

मरळीचं वेगळं सांगतो. पावसाळ्यात कडेच्या गवतात पाण्यावर लालसर ठिपक्यांचा गोळा हलताना दिसतो, पाऊस पडल्यासारखं पाणी बारीक उडत असतं. ती मरळीची पिल्लं. खाली आई-बाप राखणीला असतात आणि पिल्लांजवळ काहीही आलं की अंगावर धावतात. त्या रागावरच त्यांना गळाला लावायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ती करू नका. आई-बाप गेले की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं संपवतात. मी हे एकदा डोळ्यांनी बघितलंय आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

माझ्या दुकानात दोनदा माणसं आली, ओळखीचीच. एकाला बॅटरीवर चालणारं करंटचं यंत्र करून हवं होतं, पाण्यात सोडून मासे वर आणायला. दुसऱ्याला डुकरांसाठी कुंपणात सोडायला वीज. दोघांनाही मी परत पाठवलं. करंटनं पाण्यातलं सगळंच मरतं, खायचं आणि न खायचं, आणि पाण्यात उभा असलेला माणूसही. सुरुंग आणि विषानं मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. डुकरांनी भुईमूग उकरला तर काय होतं ते मला कळतं, माझाही अर्धा एकर आहे. त्यासाठी वनखात्याकडं लगेच अर्ज करून पंचनामा मागायचा, भरपाई मिळते. उशीर केला की खुणा जातात. तारेत सोडलेल्या विजेनं डुकराबरोबर शेजाऱ्याचा पोरगा गेला तर ती भरपाई कुणी देत नाही.

मगर

कृष्णेवर, विशेषतः भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात, गळ टाकण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. इथं मगरी आहेत, आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. थंडीत सकाळी त्या वाळूवर ऊन खात पडतात, तोंड उघडं टाकून. ते रागानं नसतं, अंगातली उष्णता सोडायला असतं. काठच्या चिखलात घसरगुंडीसारखा रुंद पट्टा आणि मध्ये शेपटीची रेघ दिसली तर ती मगरीची उतरायची जागा. तिथं बसू नका. फेब्रुवारीपासून मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळपास राखण करते. त्या दिवसांत काठच्या वाळूत फिरूच नका.

पाण्यात उतरून गळ टाकायचा नाही. घाटाच्या वरच्या पायरीवर, पाण्यापासून दहा पावलं लांब. मासा पाण्याच्या कडेला धुवायचा-साफ करायचा नाही, घरी. रोज त्याच वेळी त्याच जागी बसायचं नाही, मगर वेळ ओळखते. दिवेलागणीच्या आत काठ सोडायचा. लहान पोरं आणि कुत्रं बरोबर नको. दुर्बिणीतून मगर बघायला मात्र पलीकडच्या उंच काठावरून जरूर बसा. इतकं मोठं आणि इतकं जुनं जनावर आपल्या उसाच्या शेजारी राहतं, ते एकदा निवांत बघण्यासारखं आहे. गावात मगर शिरली, जखमी हरीण दिसलं, कुठं फासकी सापडली, तर १९२६ हा वनखात्याचा नंबर फिरवा. स्वतः धरायला जाऊ नका.

एक राहिलं. सहा-सात वर्षांपूर्वी तळ्याच्या काठी झुडपात पाणकावळा उलटा लटकलेला दिसला. पायाला आणि पंखाला तंगूस गुंडाळलेला, हिरवट रंगाचा. मी वापरतो तोच. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्याच जागी बसलो होतो आणि अडकलेली दोरी तोडून टाकून आलो होतो. ती माझी होती की दुसऱ्या कुणाची हे आता कळणार नाही. खिशातल्या छोट्या कटरनं एकेक वेढा कापला, तांब्याची तार सोडवायची सवय कामाला आली. तो चोचीनं माझ्या मनगटावर मारत राहिला. पायावरचा वेढा कातड्यात रुतला होता. सोडल्यावर तो पाण्यात पडला, तसाच थोडा वेळ तरंगला, मग बुडी मारली आणि बराच पुढं जाऊन वर आला.

तेव्हापासून गळाच्या पिशवीत एक रिकामी काडेपेटी ठेवतो. तुटलेला तंगूस, वाकडा गळ, शिशाचा मणी, सगळं तिच्यात. उठताना बसलेल्या जागेभोवती एक फेरी मारायची, दुसऱ्यांचाही गोळा करायचा. घरी आणून चिमट्यानं बोटाबोटाएवढे तुकडे करायचे आणि मगच कचऱ्यात टाकायचे.